जहांगीर टाटा आणि विमानातील तबकड्या

इंदूरच्या पश्चिमेस, बिजासन मातेच्या टेकडीजवळ, देवी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाचा विमानतळ आहे. तेथून उडणारी विमाने आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची आहेत. परंतु हवाई टपालाच्या मार्गावर इंदूरचे नाव कसे आले, हे फार थोड्यांस ठाऊक असते. १९३७ साली टाटांच्या विमान-कंपनीने मुंबई ते दिल्ली अशी सेवा सुरू केली आणि ती इंदूर, भोपाळ व ग्वाल्हेर या मार्गाने नेली. सातपुडा, नर्मदा आणि विंध्य ओलांडून येणारी ती चिमुकली विमाने ज्या गृहस्थाच्या ध्यासातून निघाली, ते जहांगीर रतनजी दादाभाई टाटा होत. उद्योगपती म्हणून त्यांची थोरवी सर्वश्रुत आहे. पोलाद, रसायने, संशोधनसंस्था, रुग्णालये यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते आम्ही येथे पुन्हा लिहीत नाही. वैमानिक म्हणून त्यांचे जे आयुष्य गेले, त्याचाच विचार आम्ही करणार आहोत. कारण वैमानिकाची नजर खिडकीबाहेरून उचलली जाऊन समोरच्या तबकड्यांवर कशी खिळली, हा साऱ्या विमानविद्येतील एक मोठा पालट त्यांच्या एका आयुष्यात घडून गेला.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजी टाटांच्या आप्तांपैकी व उद्योगातील भागीदार. आई सुझान फ्रेंच होती. उन्हाळ्यात हे कुटुंब फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्डेलो या गावी राहण्यास जात असे. तेथेच लुई ब्लेरियो यांचे घर होते. १९०९ साली विमानाने इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे ते हेच ब्लेरियो. समुद्राच्या वाळूवर विमाने उतरताना लहानग्या जहांगीरने पाहिली, आणि पंधराव्या वर्षी त्याच गावी त्याला विमानात बसण्याचीही संधी मिळाली. मुलाच्या मनात एखादी गोष्ट रुजण्यास याहून अधिक ते काय हवे?

पुढे फ्रेंच सैन्यात सक्तीची वर्षभराची नोकरी झाली. १९२५ साली ते मुंबईस येऊन टाटांच्या पेढीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले, आणि दुसऱ्याच वर्षी वडील निवर्तले. मुंबईच्या जुहू येथे विमान शिकविणारा क्लब निघताच जहांगीर तेथे धावले. काही तासांच्या शिक्षणानंतर त्यांनी एकट्याने विमान उडविले, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या अशा परवान्यांत त्याचा क्रमांक पहिला होता.

हे १९२९ साल आमच्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी २४ सप्टेंबर रोजी अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ जेम्स डूलिटल नावाच्या वैमानिकाने एक विलक्षण प्रयोग केला. त्याच्या आसनावर कापडी टप बसवून बाहेरचे सर्व दृश्य झाकून टाकले होते. त्याने विमान उडविले, फेरी मारली आणि ते पुन्हा धावपट्टीवर उतरविले. बाहेर एकदाही पाहिले नाही. त्याच्यापुढे सूक्ष्म उंचीमापक होता, भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारा दिशादर्शक होता, बिनतारी लहरींवरून मार्ग दाखविणारे यंत्र होते, आणि कृत्रिम क्षितिज नावाचे एक नवे साधन होते. विमान कलले की या तबकडीतील रेघ कलते, आणि आभाळ कोठे व जमीन कोठे हे वैमानिकास काळोखातही कळते. मनुष्याच्या कानात तोल सांभाळणारे जे इंद्रिय आहे, ते ढगात शिरताच फसते. विमान हळूहळू एका बाजूस कलत गेले तर त्या इंद्रियास ते उमगतच नाही. आपण सरळच आहोत अशी वैमानिकाची खात्री असते. म्हणून देहाला जे जाणवते ते बाजूस सारून तबकडीवर विश्वास टाकावयाचा, हा नवा धडा त्या दिवशी वैमानिकांस मिळाला. तो किती कठीण आहे हे पुढे दिसेलच.

जुहूच्या क्लबात मात्र हे काही पोहोचले नव्हते. आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांमधील अंतर एकट्याने विमान चालवून तोडणाऱ्या पहिल्या भारतीयास ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. टाटा कराचीहून निघाले. अस्पी इंजिनिअर नावाचा एक तरुण इंग्लंडहून निघाला. ईजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या एंजिनाचा स्पार्क प्लग निकामी झाला होता व दुसरा जवळ नव्हता. टाटांनी आपल्याजवळचा देऊन टाकला. अस्पी पुढे गेला आणि पारितोषिक त्यानेच मिळविले. हाच तरुण पुढे भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. शर्यतीचे म्हणावे तर टाटा हरले. पण त्या हरण्याची आठवण लोकांनी जिंकण्याहून अधिक काळ ठेवली.

नेव्हिल व्हिन्सेंट या माजी ब्रिटिश वायुसैनिकाच्या साहाय्याने त्यांनी टपाल-सेवेची योजना आखली. पेढीतील वडीलधाऱ्यांकडून दोन लाख रुपयांचे भांडवल मिळाले, दोन ‘पुस मॉथ’ विमाने आली, आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टाटा स्वतः टपाल घेऊन निघाले. अहमदाबादेस पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून ठेवले होते! दुपारी ते जुहूस उतरले, आणि पुढचे टपाल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे मद्रासेकडे नेले.

या विमानात टाटांच्या डोळ्यांपुढे काय होते? वेग, उंची, एंजिनाचे फेरे व तेलाचा दाब दाखविणाऱ्या मोजक्या तबकड्या आणि एक होकायंत्र. बिनतारी यंत्र नव्हते. जमिनीवरूनही काही मार्गदर्शन नव्हते. नजर मुख्यतः बाहेर असावयाची: किनाऱ्याची रेषा, आगगाडीचे रूळ, नदीचे वळण, ढगाचा रंग. आम्ही कोकणी बोलणाऱ्या मुलखातले; आमच्या किनाऱ्यावरचा तांडेल पाण्याचा रंग आणि डोंगराचे टोक पाहून होडी बंदरास लावतो. १९३२ चा वैमानिक या तांडेलाच्या कुळीचा होता. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलमय होई, तेव्हा सारा कारभार पुण्यास हलवावा लागे. इतके असूनही पहिल्या वर्षात या सेवेने १,६०,००० मैल उड्डाण केले व १५५ प्रवासी नेले.

येथे एक हिशेब विद्यार्थ्यांनी करून पाहावा. पुस मॉथचा वेग ताशी सुमारे १०० मैल, म्हणजे सेकंदास सुमारे ४५ मीटर. तबकडी वाचण्यास वैमानिकास दोन सेकंद लागले, तर तेवढ्यात विमान ९० मीटर पुढे गेले. जेट विमानाचा वेग सेकंदास सुमारे २५० मीटर. तेथे तेच दोन सेकंद म्हणजे अर्धा किलोमीटर. माणसाच्या मेंदूचा वेग मात्र पुस मॉथच्या काळी होता तोच आजही आहे.

दुसऱ्या महायुद्धात ही गोष्ट शास्त्रज्ञांच्या ध्यानी आली. केंब्रिज येथे केनेथ क्रेक या तरुण मानसशास्त्रज्ञाने ‘स्पिटफायर’ विमानाच्या धर्तीवर प्रयोगशाळेतच वैमानिक-कक्ष उभारला. त्यात वैमानिकांस तासन्‌तास बसवून पाहता असे आढळले की, थकवा येताच माणसाची नजर आकुंचित होते. समोरच्या तबकड्या तो पाहत राहतो. बाजूच्या, उदाहरणार्थ पेट्रोलची तबकडी, तो विसरतो. आणि मौज अशी की आपले काम बिघडत आहे हे त्याला कळतच नाही.

युद्धानंतर १९४७ साली अमेरिकेत पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून झालेल्या चुकांच्या हकिकती गोळा केल्या. त्यांत कळा व दांडे चालविण्यातील ४६० चुका होत्या, तर तबकड्या वाचण्यातील २७० होत्या. उंचीमापकाचीच गोष्ट घ्या. त्या काळच्या उंचीमापकास घड्याळाप्रमाणे तीन काटे असत. एक शेकड्यांचा, एक हजारांचा, एक दहा हजारांचा. घाईत काटे चुकले की विमान हजार फूट खाली असताना वैमानिकास ते वर असल्याचे वाटे. वॉल्टर ग्रेथर यांनी १९४९ साली प्रयोग करून दाखविले की, हा तीनकाटी उंचीमापक वाचण्यास वैमानिकांस सुमारे सात सेकंद लागत, आणि दहांतून एकापेक्षा अधिक वेळा हजार फूट किंवा त्याहून मोठी चूक होई. तीच उंची सरळ आकड्यांत दाखविली तर वाचन दोन सेकंदांच्या आत होई व चुका जवळजवळ नाहीशा होत. माणूस तोच, डोळे तेच. बदलली ती केवळ तबकडी. पूर्वी अशा अपघाताच्या अहवालात वैमानिकाची चूक एवढे लिहून वही मिटत असत. त्या चुकीत तबकडी घडविणाऱ्याचाही वाटा असतो, हे या लोकांनी सिद्ध केले, आणि आमच्या मते हा शोध कोणत्याही नव्या एंजिनाच्या शोधाहून लहान नाही.

या सर्व घडामोडी चालू असता टाटा आपली कंपनी वाढवीत होते. १९३८ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४६ मध्ये विमान-कंपनीस एअर इंडिया हे नाव मिळाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो, जिनीव्हा या मार्गे लंडनला निघाले, त्यात ते स्वतः होते. पुस मॉथमध्ये जे काम एका माणसाची एक जोडी डोळे करीत, त्यास येथे वैमानिक व एंजिनांच्या तबकड्या सांभाळणारा अभियंता अशी मंडळी लागत. १९५३ साली सरकारने विमानसेवा ताब्यात घेतल्या. ते टाटांस रुचले नव्हते, तथापि आंतरराष्ट्रीय सेवेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि पंचवीस वर्षे एक पैही न घेता सांभाळले. विमानातून जाताना ते टाचणे करीत. पडदे कसे आहेत, चहा व कॉफी यांच्या रंगात फरक ओळखू येतो की नाही, इतक्या बारकाईने ते पाहत. दुसऱ्याच्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टींकडे त्यांचे लक्ष जाई. असा माणूस ज्या संस्थेच्या शिरोभागी होता, तिलाही लक्ष निसटण्याची किंमत मोजावी लागली.

३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच ‘मलबार प्रिन्सेस’ जिनीव्हास उतरण्याच्या वाटेवर माँ ब्लाँ पर्वतावर आदळले व त्यातील ४८ जण मृत्यू पावले. पंधरा वर्षांनंतर, २४ जानेवारी १९६६ रोजी, ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ जवळजवळ त्याच ठिकाणी कोसळले. त्यात ११७ माणसे होती आणि त्यांत डॉ. होमी भाभा होते. भाभा व टाटा यांचा स्नेह जुना होता. त्या स्नेहातून व टाटांच्या विश्वस्तनिधीतून १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली होती.

हा दुसरा अपघात कसा घडला ते पाहण्यासारखे आहे. विमानात बिनतारी केंद्राची दिशा दाखविणारी दोन यंत्रे असत. दोन निरनिराळ्या केंद्रांच्या दिशा एकाच वेळी समोर दिसल्या की आपण नकाशावर नेमके कोठे आहोत हे समजते. ‘कांचनजंगा’ बैरूतहून निघाले तेव्हा त्यांतील एक यंत्र बिघडलेले होते. त्यामुळे स्थान मनातल्या मनात जुळवावे लागत होते. आपण पर्वताच्या पुढे आलो असा वैमानिकाचा समज झाला. पर्वत अद्याप पाच मैल दूर असल्याचे जमिनीवरील नियंत्रकाने सांगितले. परंतु ते सांगणे ज्या अर्थाने केले होते त्या अर्थाने वैमानिकापर्यंत पोहोचले नाही, आणि विमान खाली येत राहिले. जे डोळ्यांना दिसावयास हवे होते ते कानांवर सोपविले गेले, आणि कानांवर पडलेला शब्द मनाने आधीच बांधलेल्या समजुतीत बसवून घेतला.

१९७१ साली एअर इंडियाच्या ताफ्यात पहिले जंबो जेट आले. त्याचे नाव ‘सम्राट अशोक’. या जातीच्या विमानातील वैमानिक-कक्षात दिवे, काटे व कळा मिळून सुमारे ९७० होत्या. पुस मॉथच्या मूठभर तबकड्यांपासून हा आकडा चाळीस वर्षांत येथवर आला!

१ जानेवारी १९७८ च्या रात्री हे विमान मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून दुबईकडे निघाले. त्यात १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी होते. धावपट्टी सोडून ते समुद्रावर आले. खाली काळे पाणी, वर काळे आकाश. क्षितिज कोठेच नाही. किनारा ओलांडून विमानाने उजवीकडे थोडे वळण घेतले आणि ते पुन्हा समतल झाले. मात्र मुख्य वैमानिकापुढील कृत्रिम क्षितिज उजवीकडे कललेलेच राहिले. ते बिघडले होते. विमान अद्याप उजवीकडे कलले आहे अशा समजुतीने त्याने चक्र डावीकडे फिरविले. तबकडी हलेना, त्याने आणखी फिरविले. सहवैमानिकापुढे दुसरे कृत्रिम क्षितिज होते, मध्यभागी तिसरे होते, वळण दाखविणारे काटे वेगळेच होते. त्यांच्याकडे पाहून खरे काय ते ठरविण्यास लागणारा अवधी फारच थोडा होता. सहवैमानिकाचाही आपल्या तबकडीवर विश्वास बसला नाही. अभियंत्याने तिसऱ्या तबकडीकडे लक्ष वेधण्याचा प्रयत्न केला. पण तोवर विमान डावीकडे जवळजवळ उलटे होऊन वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात शिरले. जमीन सोडल्यापासून १०१ सेकंद झाले होते. २१३ पैकी कोणीही वाचले नाही.

चौकशीत ठपका वैमानिकावर आला. विमानाच्या स्थितीचे भान सुटल्यामुळे त्याने चुकीच्या दिशेने चक्र फिरविले व इतर तबकड्यांच्या आधारे विमान सावरले नाही, असा निष्कर्ष निघाला. तो खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु देहाला जाणवते ते सोडून तबकडीवर विश्वास ठेव, असे ज्यास आयुष्यभर शिकविले, त्याने त्या रात्री तेच केले, हेही विसरून चालणार नाही. खोटे सांगणारी तबकडी समोर मध्यभागी होती आणि खरे सांगणाऱ्या तबकड्या बाजूस होत्या. केंब्रिजच्या त्या कक्षात थकलेल्या वैमानिकांची नजर जशी मध्यभागी अडकली होती, तशीच ती भीतीने आणि घाईनेही अडकते.

या घटनेनंतर बरोबर एका महिन्याने, १ फेब्रुवारी १९७८ रोजी, तत्कालीन सरकारने टाटांस एअर इंडियाच्या अध्यक्षपदावरून दूर केले. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या, एवढेच आम्ही नोंदवितो. त्यांचा परस्परांशी संबंध जोडण्यास आमच्यापाशी आधार नाही. जी संस्था त्यांनी एका विमानाने व स्वतःच्या हाताने सुरू केली होती, तिचा निरोप त्यांना असा घ्यावा लागला, हे मात्र अनेकांस लागले.

तबकड्यांचा प्रश्न पुढे पडद्यांनी सोडविण्याचा यत्न झाला. १९८९ पासून सेवेत आलेल्या नव्या जंबोमध्ये त्या ९७० दिव्या-काट्यांच्या जागी ३६५ च उरले. वेग, उंची, क्षितिज व दिशा एकाच पडद्यावर शेजारी-शेजारी आली, आणि नजरेची धावपळ वाचली. पण यंत्र कोणत्या अवस्थेत आहे हे सांगणारी लहान अक्षरे त्याच पडद्याच्या कडेस असतात. १४ फेब्रुवारी १९९० रोजी बंगलोर येथे इंडियन एअरलाइन्सचे अगदी नवे एअरबस विमान धावपट्टीच्या अलीकडेच उतरले आणि ९२ माणसे गेली. एंजिने मंद ठेवून खाली येण्याच्या अवस्थेत विमान शिरले होते व वेग घटत होता. ते वैमानिकांच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता.

टाटांनी मात्र उड्डाण सोडले नव्हते. १९६२ साली आपल्या पहिल्या उड्डाणाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी पुस मॉथच्याच घराण्यातील ‘लेपर्ड मॉथ’ घेऊन कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला होता. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नासाव्या वर्षी, त्यांनी तो तिसऱ्यांदा केला, एकट्याने. वय होते ७८. हाती विमान १९३० नंतरच्या दशकातले, तबकड्या मोजक्याच, आणि खाली तोच किनारा. ते जुहूस उतरले तेव्हा त्यांच्या स्वागतास लोक जमले होते.

१९८८ साली त्यांस विमानविद्येतील डॅनियल गुगेनहाइम पदक देण्यात आले. डूलिटलचा १९२९ चा तो आंधळा प्रयोग याच गुगेनहाइम घराण्याच्या निधीतून झाला होता. १९९२ मध्ये भारतरत्न हा सन्मान त्यांना मिळाला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले, आणि पॅरिसमधील पेर लाशेझ या स्मशानभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. एअर इंडिया त्यानंतर २८ वर्षांनी, २७ जानेवारी २०२२ रोजी, पुन्हा टाटांच्या हाती आली.